राहणाऱ्यांची संख्या

बिश्केक,
९ सप्टेंबर २००२

जेंगे, सलाम.

पाकीट जाड लागलं म्हणून आत फोटो असतील अशा समजुतीने घाईघाईने फाडलं असेल. फोटो नाहीत. एक छापील अर्ज आहे. लगेच तोंड वाकडं करू नका, आधी वाचा.

तुमच्या उच-बुलुनच्या टेलिफोन केंद्रात, यंत्रांच्या मोठ्या खोलीला लागून लाल टाक्या उभ्या आहेत. माझ्या थोरल्या भावाने, आकेंनी, एकदा त्यांच्यावर ओले मोजे वाळत घातले होते आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्याच त्या. त्यांत हॅलॉन नावाचा वायू आहे. आग लागली की छतातल्या नळ्यांतून सुटतो आणि बघता बघता आग विझवतो. यंत्रांना धक्का लागत नाही. माणसाचं डोकं गरगरतं, पण तो आपल्या पायांनी बाहेर येतो. खोट एकच. तोच वायू वर जाऊन आकाशातलं ओझोनचं पांघरूण कुरतडतो. म्हणून आपल्या देशाने तो बंद करायचं कबूल केलंय, आणि त्याच्या जागी कुठे काय चालेल याची यादी करणं हे गेली तीन वर्षं तुमच्या या एकुलत्या एक दिराचं काम आहे. आई असती तर म्हणाली असती, एवढा शिकला आणि टाक्या मोजत बसला.

नियम सोपा आहे. जिथे माणसं असतात तिथे नवा, माणसाला न बाधणारा वायू. तो परदेशातून येतो, आणि या वर्षी आपल्या वाट्याला त्याचे चारच संच आलेत. जिथे माणसं नसतात तिथे साधा कार्बन डायऑक्साइड. तो मुबलक मिळतो आणि ओझोनला काही करत नाही. पण बंद खोलीत सुटला तर आतला माणूस मिनिटाभरात कोसळतो आणि पुन्हा उठत नाही. म्हणून अर्जातला सातवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: त्या खोलीत राहणाऱ्या किंवा बसून काम करणाऱ्या माणसांची संख्या. केंद्र आपोआप चालायला लागल्यापासून सकाळचा एक तास तुम्ही फिरून येता, बाकी तिकडे कोणी फिरकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तुमच्या हाताने लिहून, सही करून पाठवा.

फोनवरच विचारलं असतं. पण फोनवर तुम्ही ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाही.

रखात सलाम सांगते. मेरिमचं कॉलेज सुरू झालंय, आम्हा आईबापांजवळ घरात टिकतच नाही पोरगी.

तुमचा,
छोटे मिर्झा


उच-बुलुन,
२८ सप्टेंबर २००२

छोटे मिर्झांना त्यांच्या जेंगेचा सलाम.

सून म्हणून मी या घरात आले तेव्हा सासरच्या कुणाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही अशी रीत, म्हणून चार वर्षांच्या शेंबड्या पोराला मिर्झा म्हणायला लागले. आता तेच पोर मला छापील अर्ज पाठवतं आणि खाली सही मागतं. चांगलंच चढलंय ते नाव तुमच्या डोक्यात.

फोनचं म्हणाल, तर एकतीस वर्षं मी या गावाची बोलणी जोडून दिली. तारेवर तिसरं कोणीतरी ऐकत असतं हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते तिसरं माणूस मीच होते. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा रशियात दुसरा संसार थाटून बसला, सगळं मला त्यांच्या आईबापांच्या आधी कळायचं. कागदावर कसं, माझं मला सुचेल तसं बोलता येतं.

मी मजेत आहे. घर गरम असतं. शेजारणींच्या कटकटीने मात्र जीव नकोसा होतो, रोज एकजण तरी मीठ नाहीतर काडेपेटी मागायला येतेच, आणि एकदा आली की तासभर हलत नाही. तुमचे आके असते तर ते एकेकीला जिन्यावरून पोहोचवून आले असते. या वर्षी बटाटे बरे आलेत.

अर्ज भरून सोबत पाठवते आहे. सातव्या प्रश्नापुढे शून्य लिहिलंय. तो एकच प्रश्न असा होता की उत्तर एका टिंबात झालं. बाकीच्यांना फार डोकं खाजवावं लागलं, खोलीची उंची कोण मोजतं?

मेरिमला म्हणावं, एकदा मोठ्या आईला दोन ओळी खरडल्या तर बोटं झिजणार नाहीत.

तुमची जेंगे
सायराकान


बिश्केक,
१४ ऑक्टोबर २००२

जेंगे,

अर्ज अगदी वेळेवर आला. इथे चौथा संच कोणाला द्यायचा यावर दोन आठवडे भांडण चाललं होतं. एका बाजूला तुमचं केंद्र, दुसऱ्या बाजूला एका विमानतळावरची नियंत्रणाची खोली. तिथे तीन माणसं पाळीपाळीने चोवीस तास बसतात. तुमचं शून्य मी टेबलावर ठेवलं आणि वाद मिटला. संच त्यांना गेला. माझी एवढी सोय तुम्ही कधीच केली नव्हती, परीक्षेच्या दिवशी आईपासून माझा पतंग लपवलात ती वेळ सोडली तर.

तुमच्याकडे महिन्याभरात माणसं येऊन जुन्या टाक्या काढतील आणि कार्बन डायऑक्साइडच्या बसवतील. तपासायला नारिनहून ओमुरझाक येईल. तो आमचा त्या भागाचा तपासनीस, माणूस भला आहे, खादाड आहे.

आता नीट वाचा. दाराशेजारी एक पिवळी दांडी असेल. ती खाली असली की वायू सुटत नाही. आत जाताना दांडी खाली, बाहेर पडताना वर. खोलीत धूर झाला की घंटा वाजेल, दारावर लाल दिवा लागेल, आणि त्यानंतर तीस सेकंदांनी वायू. दांडी खाली ठेवायची विसरला असाल आणि घंटा वाजली तर काहीही उचलायला थांबू नका. तीस सेकंद पुष्कळ झाले, तुम्ही तर माझ्या लग्नात मेंढी पळवणाऱ्याला नदीपर्यंत जाऊन धरलं होतंत.

दाराजवळ चौकटीत एक परवाना लावतील. त्याच्याखाली माझी सही आहे. येता जाता बघत जा.

रखात सलाम सांगते.

छोटे मिर्झा


उच-बुलुन,
२१ नोव्हेंबर २००२

छोटे मिर्झा, सलाम.

बसल्या तुमच्या टाक्या. काळ्या रंगाच्या, प्रत्येकीला उचलायला दोन माणसं. पहिल्या दिवशी मला त्यांच्याकडे पाठ करून बसवेना. आता सवय झाली.

तुमचा ओमुरझाकही येऊन गेला. भला माणूस आहे, बर्फातून चालत आल्यामुळे भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. फीत घेऊन सगळं मोजलं, घंटा वाजवून दाखवली. केवढी ती घंटा! माझ्या तर दातांपर्यंत पोहोचली. तुमची सही मी बघितली. लहानपणी वहीवर काढायचात तशीच आहे, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब. काचेवर धूळ बसते, ती मी रोज पुसते.

एक विचारायचं होतं. दांडी खाली ठेवून माणूस बराच वेळ आत राहिला तर काही बिघडतं का? आणि समजा, रोजच राहिला तर? हे नुसतं माहिती असावं म्हणून.

थंडी या वेळी लवकर आली. यंत्रांच्या खोलीला मात्र सरकारी वीज, ती कधी जात नाही. संध्याकाळी सातला गाव बोलायला लागलं की यंत्रांच्या सगळ्या कपाटांतून परातीत वाटाणे ओतल्यासारखा आवाज येतो. साडेनऊपर्यंत तो विरत जातो. मग कधीतरी एखादाच. ते ऐकलं की वाटतं, चला, सगळे आपापल्या माणसांशी बोलले.

मोठी आई म्हणवून घेण्याइतकी मी कोण लागते म्हणा, पण मेरिमने अजून लिहिलं नाही.

सायराकान


बिश्केक,
८ डिसेंबर २००२

जेंगे,

तुमचा दांडीचा प्रश्न वाचून मला तुमचा अभिमान वाटला होता. म्हटलं, बघा, किती मन लावून काम करतात. उत्तरही लिहून ठेवलं होतं. दांडी खाली ठेवली तर माणूस वाचतो, पण केंद्र उघडं पडतं. आग लागली तर ती विझवायला काही नाही, आणि सगळ्या खोऱ्याचे फोन जातात. त्यात बाळंतिणीसाठी डॉक्टर बोलावणाऱ्याचाही फोन आला.

ते पत्र टाकायच्या आधी ओमुरझाकचा अहवाल हातात पडला. त्याने लिहिलंय: ‘खोली रिकामी. कोणी राहत नाही. देखरेखीच्या बाईंनी पाहुणचार उत्तम केला. बसायला रजई, चहा, साय आणि गरम बोर्सोक.’

परका तपासनीस असता तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, यंत्रांच्या खोलीत रजया कशासाठी? आपल्या माणसाला तो प्रश्न सुचला नाही. पाहुणा आला, रजई घातली, समोर बोर्सोक ठेवले, यात विचारण्यासारखं काय? उलट हे सगळं नसतं तर त्याने रागाने दोन पानं लिहिली असती. मीही तो अहवाल वाचून ‘ठीक’ असा शेरा मारला आणि जेवायला गेलो. हातातला पाव खाली ठेवला तेव्हा डोक्यात आलं. गरम.

तुमच्या घरापासून केंद्र दीड किलोमीटर. उणे अठ्ठावीसमध्ये तिथून तळून आणलेला कणकेचा बोर्सोक दगड होतो. म्हणजे ते तिथेच तळले. तापलेल्या तेलात, यंत्रांच्या शेजारी, माझ्या टाक्यांच्या खाली. आणि जेंगे, सकाळी एक तास जाणाऱ्या बाईला सात वाजता आणि साडेनऊला तिथे कसा आवाज येतो हे कसं कळलं?

रविवारी तुमच्या घरी तीनदा फोन केला. वाजत राहिला.

तुम्ही त्या खोलीत राहता का? एवढंच लिहा.

झुमाकादिर


उच-बुलुन,
२९ डिसेंबर २००२

छोटे मिर्झा,

खाली खरं नाव घालून सही केलीत, म्हणजे सरकार बोलतंय. मग सरकारलाच उत्तर देते.

बोर्सोक तळायला विजेची छोटी शेगडी नेली होती, पाहुणा येणार म्हणून. एक दिवस. पाहुण्याला थंड बोर्सोक वाढायचे? तुमच्या घराण्याची सून आहे मी. आवाजाचं म्हणाल तर एकतीस वर्षं ऐकलाय, आता तो न जाताही ऐकू येतो. रविवारी मी शेजारणीकडे होते. बाईमाणसाने कुठे जावं-यावं याचाही अर्ज असेल तर पाठवून द्या, तोही भरते.

आणि एवढी चौकशी करताच आहात तर मीही करते. दर पत्रात ‘रखात सलाम सांगते’. तुमच्या आकेंच्या वर्षश्राद्धाला तुम्ही एकटेच आला होतात, तिचं डोकं दुखत होतं म्हणून. साडेतीन वर्षं दुखतंय का डोकं? तिच्या हातची एक ओळ नाही, मेरिमचं एक अक्षर नाही. माझं काय चुकलं होतं? मूल झालं नाही म्हणून मी परकी झाले का? तुम्हाला मी अंगाखांद्यावर खेळवलं, ते काय अर्ज भरून?

नवीन वर्ष सुखाचं जावो.

सायराकान


बिश्केक,
१० जानेवारी २००३

जेंगे,

भांडा, पण वाचा. हा वायू हवेपेक्षा जड आहे. तो आधी जमिनीवर साचतो. आणि आपण झोपतो जमिनीवर.

दांडी खाली ठेवत असाल, मला कळतं. पण एक दिवस विसराल. सगळेच विसरतात, म्हणून तर नियम करावे लागतात.

मी ओमुरझाकला पाठवत होतो, पण दोलोनची खिंड बंद आहे, नारिनहून तुमच्याकडचा रस्ताही. रोज सकाळी केंद्राच्या नंबरावर फोन करतो, तो तुम्ही उचलत नाही. घरचा उचलत नाही. चार वर्षं तुम्ही सगळं छान आहे लिहीत आलात आणि मी ते वाचून पुढच्या कामाला लागत आलो. मला भीती वाटते आहे. त्या परवान्यावर माझी सही आहे.

माझ्यासाठी तरी बाहेर पडा.

छोटे मिर्झा


उच-बुलुन,
२६ फेब्रुवारी २००३

छोटे मिर्झा,

तुमचं पत्र काल मिळालं, खिंड उघडल्यावर. आता खरं लिहिते. मधेच थांबले तर पुन्हा जमायचं नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते.

दोन हिवाळे झाले, मी केंद्रात राहते. आमच्या इमारतीचे नळ फुटले ते फुटलेच. आधी वरचे गेले, मग खालचे, काही बिश्केकला, काही रशियात. शेजारणींच्या कटकटीने जीव नकोसा होतो असं मी लिहिलं होतं ना? जिन्यात पाच मजले आहेत आणि मी एकटीच. एक दिवस मुद्दाम मीठ संपलं असं समजून सगळ्या मजल्यांवर दारं वाजवत गेले. कोणी नव्हतं हे माहीत होतं, तरी गेले. त्यानंतर रजया उचलल्या आणि केंद्रात आले. तिथे ऊब होती, आणि आवाज होता.

तुमच्या अर्जातला सातवा प्रश्न एका टिंबात झाला असं मी लिहिलं, ते खोटं. त्याला दोन दिवस लागले. एक लिहिला असता तर तुम्ही मला बाहेर काढलं असतंत. पण खरं सांगू, नुसती भीती नव्हती. मी विचार केला, राहणारा माणूस म्हणजे ज्याची कोणी वाट बघतं, ज्याच्याकडे कोणी येतं. मी मोजण्यासारखी कुठे होते? म्हणून शून्य लिहिलं, आणि लिहिताना ते मला अगदी खोटंही वाटलं नाही.

रविवारी तुम्ही तीनदा फोन केलात. माझ्या घरच्या तारेचं कपाट मी ओळखते, तिसऱ्या ओळीत, डावीकडे. त्यातला माझ्या तारेचा खटका हलायला लागला तेव्हा मी समोरच बसले होते. माझ्याच घरी घंटा वाजते आहे आणि मी इथे बसून बघते आहे. कोण असेल हे कळायला वेळ लागला नाही, दुसरं आहे कोण? केंद्राचा फोन तर हाताशीच होता. उचलून तुम्हाला लावला असता तर माझा आवाज ऐकून तुम्हाला सगळं कळलं असतं.

आता दांडीचं. रोज खाली ठेवायचे. जानेवारीच्या शेवटी एकदा टपाल घ्यायला गेले, टपाल नव्हतंच, परत आले ती त्याच विचारात. दांडी वर राहिली. दुपारची वेळ होती. तेल तापत ठेवलं आणि त्याचा धूर झाला. घंटा वाजली.

तुम्ही लिहिलं होतंत, काही उचलायला थांबू नका. मी काही उचललं नाही. मी नुसती उभी राहिले. मला मरायचं होतं असं नाही, देवाशपथ नाही. पण बाहेर पळत जायचं तर कोणाकडे, ते सुचेना. बाहेर बर्फ होता आणि रिकामा रस्ता होता. लाल दिवा लागला. मी मनात मोजत होते, जुनी सवय, बोलणी जोडताना सेकंद मोजायचे तशी. अकरापर्यंत आले. तेव्हा दाराजवळची ती चौकट दिसली. तुमची सही. मला वाटलं, उद्या मी इथे सापडले तर लोक हा कागद काढतील आणि विचारतील, ही सही कोणाची? ज्याला मी मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला लावली त्याच्यावर माझा मुडदा पडेल. मग मात्र पाय हलले. दांडी खाली ओढली तेव्हा मोजणं सव्वीसवर होतं.

शेगडी बंद केली. खिडकी उघडली. नंतर पुष्कळ रडले.

तुम्हाला रागवायचं ते रागवा.

सायराकान


बिश्केक,
१२ मार्च २००३

जेंगे,

तुमचं पत्र मी कार्यालयातच वाचलं आणि दार लावून घेतलं. रागावलो नाही. रागवायला तोंड कुठे आहे मला?

आता माझं ऐका. रखात इथे नाही. आकेंच्या वर्षश्राद्धानंतरच्या वसंतात ती मेरिमला घेऊन येकातेरिनबुर्गला तिच्या बहिणीकडे गेली. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. मी घरात असूनही नसतो असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. मेरिम वर्षातून दोनदा फोन करते, वाढदिवसाला आणि नवीन वर्षाला. तुमच्या पत्रांतला सलाम मीच लिहीत होतो. आधी वाटलं, आकेंचं जाणं अजून ताजं आहे, तुम्हाला आणखी एक दुःख कशाला. मग खोट्याचीच सवय झाली. तुम्ही तिच्यावर रुसलात, आपलं काय चुकलं म्हणून झुरलात. चुकलेलं सगळं माझंच होतं.

माझं घर गरम आहे, इतकं की खिडकी उघडावी लागते. पण मी तिथे फारसा जात नाही. कार्यालयात खुर्ची मागे सरकवून झोपतो. म्हणजे आपण दोघांनी एकच उद्योग केला, फक्त माझ्या डोक्यावर टाक्या नव्हत्या.

परवा मी वरिष्ठांसमोर सगळं ठेवलं. तुमचा अर्ज, ओमुरझाकचा अहवाल, त्यावरचा माझा शेरा. म्हटलं, शून्य लिहिणारी बाई माझी वहिनी आहे, तरी मी एकदा जाऊन बघितलं नाही. आपल्या यादीत ‘कोणी राहत नाही’ असं लिहून आलेल्या एकोणसाठ जागा आहेत. हा हिवाळा कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या किती खोल्यांत कोणीतरी ऊब शोधत झोपलं असेल? ठरलं ते असं: एकोणसाठही जागी माणूस पाठवून, सकाळी नव्हे तर संध्याकाळी, पुन्हा तपासायचं. तोवर तिथल्या टाक्या बंद.

तुमच्या केंद्राचा हुकूम मात्र मलाच लिहावा लागला. खोली रिकामी करायची. दुसरा चांगला संच नाही, आणि दांडी खाली ठेवून गावाला उघडं ठेवता येत नाही. ओमुरझाक येऊन कुलूप लावेल. मी चारदा लिहिला आणि चारदा फाडला. पाचवा सोबत आहे.

माझा यादीवर सही करायचा अधिकार काढून घेतलाय. मला नारिन विभागात तपासनीस म्हणून पाठवताहेत, ओमुरझाक निवृत्त होतोय. शिक्षाच आहे. कुठल्या गावात बसायचं ते मी निवडायचं, कारण त्या पदासाठी दुसरं कोणी भांडत नाही. दोन गोष्टी करता येतील. तुम्ही इकडे, माझ्या घरी या. मग मी नोकरी सोडतो आणि दुसरं काहीतरी बघतो. नाहीतर मी उच-बुलुनला येतो. तुम्ही म्हणाल ते.

छोटे मिर्झा


उच-बुलुन,
३ एप्रिल २००३

छोटे मिर्झा, सलाम.

ओमुरझाक आला, कुलूप लावलं. या वेळी त्याने चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, ‘एजे, ताई, मी पंचवीस वर्षं खोल्या तपासल्या, आणि रजई बघून मांडी घालून बसलो.’ मीच त्याची समजूत काढली. रजया त्याने स्वतः पाठीवर घेऊन माझ्या घरापर्यंत पोहोचवल्या.

तुमचा हुकूम वाचला. तुमचा नियम बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. चुकीचा असता तर भांडले असते. पहिले आठ दिवस वाईट गेले. घरात इतकी शांतता की माझा घास चावल्याचा आवाज मला ऐकू येई. सात वाजले की कान टवकारायचे. गाव बोलत असेल, पण मला त्यातलं काही कळत नव्हतं.

रखातचं वाचून मी तिला मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या. फार होत्या, वेळ लागला. मेरिमचा पत्ता पाठवा. तिने लिहायची वाट बघत बसले हेच चुकलं, आता मीच लिहिते.

तुमच्याकडे मी येणार नाही. तिथे मी दिवसभर खिडकीत बसेन, तुम्ही दिवसभर कामावर बसाल, आणि पुन्हा एकमेकांना सगळं छान आहे म्हणून सांगू. शिवाय नोकरी सोडायची नाही. त्या एकोणसाठ खोल्यांत जाऊन कोणीतरी बघायला हवं, आणि ज्याने एकदा बघितलं नाही तोच आता नीट बघेल.

इकडे या. माझ्या खालच्या मजल्यावरचं घर रिकामं आहे. मालकाला बिश्केकला फोन करून विचारलं, हो, मीच केला, आणि ‘बरं’ म्हणून ठेवला नाही, चांगली अकरा मिनिटं बोलले. तो म्हणाला, राहा कितीही दिवस, नुसतं छत सांभाळा. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, म्हणायला गावात लोक उरलेत किती?

मला एकटीला राहवत नाही. हे वाक्य मी आजवर कोणालाही लिहिलं नव्हतं, तुमच्या आकेंनाही बोलले नव्हते.

त्या घराच्या भिंती आतून ओल्या आहेत. फुटलेल्या तावदानाला मी पत्रा ठोकला, पत्र्याची शेगडी बसवून तिचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलं. सोमवारपासून तिथे रोज शेगडी पेटवते आहे, दिवसातून चारदा उतरून गोवऱ्या घालते, म्हणजे तुम्ही याल तोवर भिंती वाळतील. गोवऱ्या महिनाअखेरपर्यंत पुरतील. त्याच्या आत या.

सायराकान